लेकरू घडीभर घेणारे हात

आमच्या गावाच्या नावात एक लेक आहे आणि गावाशेजारच्या पाण्याच्या नावात एक आई आहे. राजर्षी शाहू महाराजांनी भोगावती नदीवर धरण बांधायला घेतलं, तेव्हा इथल्या वस्तीला आपल्या लेकीचं, राधाबाई आक्कासाहेबांचं नाव दिलं. ती राधानगरी. जलाशयाला राणीसाहेबांचं नाव दिलं. तो लक्ष्मी तलाव. महाराजांच्या जन्मदात्या आईचं नावही राधाबाईच होतं. महाराज जेमतेम तीन वर्षांचे असताना ती माउली गेली. म्हणून मी आपलं मानतो, की आमच्या गावाच्या नावात लेकीबरोबर तिची आजीही आहे.

पावसाळ्यात धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे उघडले, की कोल्हापुराहून माणसं गाड्या करून बघायला येतात. भिजतात, कणसं खातात, फोटो काढतात आणि परत जातात. या पाण्याला, या गावाला बायकांची नावं का, हे सहसा कुणी विचारत नाही.

लहान मुलांच्या आयांच्या रोजच्या आरोग्यावर बोला, असं रेडिओवाल्यांनी सांगितलं, तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. मी डॉक्टर नाही, वैद्य नाही. बी. ए. झालेला, कविता करणारा साधा माणूस. शिवाय या विषयात माझी स्वतःची बाजू लंगडी. माझी तीन मुलं लहान होती, तेव्हा मी कविसंमेलनांना जात होतो. आईवरची कविता वाचून टाळ्या घेत होतो, आणि घरी माझ्या मुलांची आई एक मूल मांडीवर, एक पाठीशी घेऊन भाकऱ्या थापत होती. हे आता सांगायला लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय पुढचं बोलता यायचं नाही.

मग हो का म्हणालो? त्याला कारण माझी लेक.

गेल्या पावसाळ्यात ती बाळंतपणाला माहेरी आली. नातू झाला. घर भरून गेलं. येणारा जाणारा प्रत्येक जण पाळण्यात वाकायचा. "बाळ कसं आहे? दूध पितं का? झोपतं का? वजन किती?" अडीच महिने झाले असतील. एका रात्री दोन वाजता मला जाग आली. बाहेर आमच्याकडचा तो पाऊस, एकसुरी, न थांबणारा. सोप्यात लेक भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर बाळ गाढ झोपलेलं आणि ही मात्र टक्क जागी. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती ते पुसतही नव्हती. मी म्हणालो, "काय झालं बेटा, बाळाला काही होतंय का?"

ती म्हणाली, "अब्बा, तुम्हीपण बाळाचंच विचारलंत."

त्या एका वाक्यानं मला इतिहासाची पुस्तकं पुन्हा उघडायला लावली. लेकराची आई कशी आहे, हे आपल्याकडे कधी कुणी विचारलं होतं का? विचारलं असेल, तर कुणी?

सव्वा महिना आणि चिल्ला

सुरुवात घरापासूनच करू. आपल्या जुन्या माणसांनी आईचा विचार केलाच नव्हता, असं म्हणणं अन्यायाचं होईल. आयुर्वेदात बाळंतिणीला सूतिका म्हणतात आणि तिच्यासाठी दीड महिन्याचा वेगळा आहारविहार सांगितला आहे. आपल्या गावागावांत तोच सव्वा महिना झाला. आमच्या मुसलमानी घरांत चाळीस दिवसांचा चिल्ला. शेजारच्या घरात पाचवी पुजली जायची, आमच्याकडे छटी व्हायची. सुईण मात्र दोन्ही घरांना एकच. तिला कुणी जात विचारली नाही आणि तिनंही कुणाला विचारली नाही.

या चाळीस दिवसांत बाईनं चूल पेटवायची नाही, पाणी भरायचं नाही, जड उचलायचं नाही. अंगाला तेल, गरम पाण्यानं न्हाणं, बाजल्याखाली शेक. खायला अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, आमच्या डोंगराकडच्या नाचणीची आंबील. आज आहारतज्ज्ञ सांगतात, की अळिवात लोह आहे आणि नाचणीत भरपूर कॅल्शियम. आमच्या दादीला हे शब्द ठाऊक नव्हते, पण पदार्थ ठाऊक होते. कुराणातही दूध पाजणाऱ्या आईच्या अन्नवस्त्राचा भार बापावर टाकलेला आहे. बाळाला पाजणारी बाई स्वतः उपाशी राहता कामा नये, हे शहाणपण सगळ्या घरांत होतं.

त्याबरोबर चुकाही होत्या, त्या झाकून ठेवायचं कारण नाही. खोली कोंदट, धुरानं भरलेली. आमच्याकडे पाऊस चार महिने, मग लाकडं ओली आणि धूर दुप्पट. बाळंतिणीला पाणी तोलून द्यायचं. बाळाचं पोट बिघडेल म्हणून पहिला चीक पिळून टाकायचा आणि बाळाला मध नाहीतर गुळाचं पाणी चाटवायचं. आज आपल्याला माहीत आहे, की तो चीक म्हणजे बाळाचं पहिलं संरक्षण. जन्मल्यापासून तासाभरात बाळ छातीला लावायचं आणि सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. बाळाला मध तर वर्षभर देऊ नये. आणि पाजणाऱ्या आईनं तहान लागेल तेव्हा भरपूर पाणी प्यावं.

पण चुकांसाठी केवळ सुईणीला हसायचं कारण नाही. १८४७ साली व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरला एक विचित्र गोष्ट दिसली. तिथं बाळंतपणाचे दोन विभाग होते. एकात शिकाऊ डॉक्टर, दुसऱ्यात सुईणी. बाळंतज्वरानं बायका मरायच्या त्या डॉक्टरांच्या विभागात जास्त. कारण डॉक्टर प्रेतांची चिरफाड करून तसेच बाळंतपणाला यायचे. सेमेलवाइसनं क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्यानं कमी झाले. तरी त्याचं म्हणणं त्याच्या हयातीत बहुतेकांनी मानलं नाही. तेव्हा अडाणीपणा खेड्यातच असतो, असं समजू नये.

दहा दिवसांचं बाळ आणि कोल्हापूरची नेमणूक

व्हिएन्नात हा वाद चालला, त्यानंतर काही दशकांनी आपल्या महाराष्ट्रात एका मुलीच्या आयुष्यात तो प्रश्न आला. आनंदीबाई जोशी. जन्म १८६५ चा. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि तो दहाच दिवस जगला. वैद्यकीय मदत मिळाली नाही, याचा सल त्या कोवळ्या आईच्या मनात राहिला. १८८३ साली ती अमेरिकेला गेली, १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एम. डी. झाली. प्रबंधाचा विषय काय निवडला, तर प्राचीन हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. शाळकरी वयात गमावलेल्या लेकराचा धागा तिनं हातचा सोडला नव्हता.

तिला नेमणूक मिळाली ती आमच्या कोल्हापूर संस्थानात. आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल, म्हणजे आजचं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, आपलं सी. पी. आर. तिथल्या स्त्रियांच्या विभागाचा कारभार तिच्याकडे यायचा होता. पण ती मायदेशी परतली ती क्षयानं खंगूनच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात तिचं निधन झालं. वय अवघं एकवीस. कोल्हापूरच्या बायका वाट बघत राहिल्या.

पुढे शाहू महाराजांच्या काळात त्याच रुग्णालयात डॉ. कृष्णाबाई केळवकर आल्या. कोल्हापुरात मुलींच्या शिक्षणाचं मोठं काम ज्यांनी केलं, त्या रखमाबाई केळवकरांची ही लेक. महाराजांनी त्यांना पुढच्या शिक्षणासाठी परदेशी पाठवलं. परत येऊन त्यांनी संस्थानातल्या बायकांची सेवा केली. आई शिकवते, लेक डॉक्टर होते आणि राजा तिला परदेशी पाठवतो. एकोणिसाव्या शतकातून विसाव्या शतकात जाताना कोल्हापुरात हे घडत होतं.

पण राधानगरी ते कोल्हापूर हे अंतर पन्नासेक किलोमीटर. त्या काळी पावसात ते अंतर म्हणजे सात समुद्र. दवाखान्यात डॉक्टरीण आली, म्हणून डोंगरातल्या बाईचा रोजचा दिवस बदलला नाही. बाळंतपण एका दिवसाचं, पण त्यानंतरची दोन-तीन वर्षं रोजची असतात. त्या रोजच्या दिवसाचं काय?

दुष्काळातलं पाळणाघर

याचं उत्तर मला सापडलं शाहू चरित्रातल्या एका लहानशा नोंदीत. आपण ती नोंद वाचून पुढे जातो, कारण तिच्या आजूबाजूला फार मोठमोठ्या गोष्टी आहेत. आरक्षण, सक्तीचं शिक्षण, वसतिगृहं, कुस्ती, धरण. मीही कितीदा तसाच पुढे गेलो होतो.

महाराज १८९४ साली गादीवर बसले. दोनच वर्षांत, १८९६-९७ चा मोठा दुष्काळ आला आणि त्याच्या पाठोपाठ प्लेग. महाराज तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचे. त्यांनी धान्य उपलब्ध केलं, विहिरी-तलावांची, रस्त्यांची कामं काढली. त्या कामांवर बायका येणार, आणि बाईबरोबर तिचं तान्हं येणार, हे त्यांच्या ध्यानात आलं. म्हणून दुष्काळी कामांवरच्या मजूर बायकांच्या लेकरांसाठी त्यांनी शिशुसंगोपनगृहं उघडली.

शब्द भारदस्त आहे, पण अर्थ साधा आहे. आईनं पाटी उचलावी आणि तिचं लेकरू तेवढा वेळ दुसऱ्या कुणीतरी सांभाळावं.

जरा विचार करा. हातात खजिना थोडा, माणसं अन्नाला महाग, साथीचं संकट दारात. अशा वेळी कोणताही कारभारी म्हणेल, आधी धान्य बघा, पोरं काय, झाडाखाली राहतील. पण या तरुण राजाला कळलं, की लेकरू उन्हात रडत असेल तर आईचं काम होत नाही. काम झालं नाही तर मजुरी नाही, मजुरी नाही तर अन्न नाही, आणि आईच्या पोटात अन्न नाही तर लेकराला दूध नाही. ही सगळी साखळी एका जागी येऊन अडते. लेकराला घडीभर कुणी घ्यायचं?

मला तर वाटतं, मातांच्या आरोग्याचा हाच कळीचा प्रश्न आहे. औषध, आहार, दवाखाना सगळं हवं. पण आईला जेवायला, न्हायला, झोपायला, स्वतःचं दुखणं डॉक्टरला दाखवायला मोकळे दोन हात लागतात. ते मोकळे व्हायचे तर लेकरू घेणारे दुसरे हात लागतात. आमच्या संस्थानाला हे १८९७ साली समजलं होतं.

दादीची गोष्ट

आणि आपण ते विसरलो. किती विसरलो, हे मला पुस्तकातून कळलं नाही. दादीकडून कळलं.

स्वातंत्र्याच्या आगेमागे आमच्या भागात कामंच कामं होती. रस्ते होत होते, खडी फुटत होती, आणि महाराजांच्या हयातीत अर्धवट राहिलेलं धरणही पुढे पुरं व्हायचं होतं. दादी मजुरीला जायची. कुठल्या कामावर, ते ती कधी सांगत नसे. "कामावर" एवढंच. घरात आम्ही दख्खनी बोलतो, पण दादी कामावरच्या गोष्टी मराठीतच सांगायची. बहुतेक ते कष्टच मराठीत झाले होते.

माझ्या वडिलांच्या आधी तिला एक मुलगी झाली होती. चाळीस दिवसांचा चिल्ला दादीच्या वाट्याला आला नाही. "इस दिवस झालं आन् पाटी उचलली बघ," ती म्हणायची. लुगड्याची झोळी झाडाला बांधायची, पोरीला त्यात टाकायची आणि खडी वाहायची. पोरगी रडली की मुकादम ओरडायचा. सारखं पाजायला जाता यायचं नाही. बरोबरच्या एका बाईनं सांगितलं, मोहरीएवढी अफू दे, निजती दिवसभर.

आमच्या घरात सांगितलं जायचं, की त्या पोरीला नजर लागली. मी कॉलेजात होतो तेव्हा एकदा दादी एकटीच होती. म्हणाली, "नजर न्हवती ती. मीच निजवलं तिला. लई निजली." एवढंच बोलली, आणि तांदूळ निवडायला लागली.

बरीच वर्षं मला वाटत होतं, की हे आमच्याच घरातलं दुःख आहे. नंतर वाचताना कळलं, की मुंबईच्या गिरण्यांतल्या बायका आपल्या तान्ह्यांना हेच द्यायच्या. त्याला बाळागोळी म्हणत. अफूची गोळी देऊन बाळ चाळीत निजवायचं आणि आईनं साच्यावर उभं राहायचं. १९२० च्या दशकात सरकारनं गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाची चौकशी करवली, तेव्हा डॉक्टर बायकांनी हे सगळं नोंदवून ठेवलं. १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक बाळं वर्षाच्या आत दगावल्याची नोंद आहे. बाळंतपणाला बायका गावी जायच्या, त्यामुळे जन्म गावी आणि मृत्यू मुंबईत, असंही व्हायचं आणि आकडा फुगायचा. ते धरूनही तो आकडा अंगावर काटा आणतो. यातल्या किती बाळांना नजर लागली होती?

त्या आया वाईट नव्हत्या. अफू देणाऱ्या बाईला लेकराची माया नव्हती, असं म्हणायची माझी हिंमत नाही, कारण मी दादीला पाहिलं आहे. तिच्याजवळ लेकरू ठेवायला जागा नव्हती, घ्यायला हात नव्हते. कोल्हापूर संस्थानानं दुष्काळात जे केलं, ते सुकाळात कुणी चालवलं नाही. ते चाललं असतं, तर मला एक आत्या असती.

कायदा आला, पण कुणासाठी?

लढणारी माणसं मात्र होती. कामगार पुढारी ना. म. जोशी यांनी १९२४ साली दिल्लीच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेचं विधेयक मांडलं. ते मंजूर झालं नाही. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात गिरणी कामगार बायकांसाठी तसंच विधेयक आलं, तेव्हा त्याच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. आठ वर्षांपूर्वी, १९२० साली, माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी ज्यांना पुढारी म्हणून गौरवलं होतं, तेच बाबासाहेब. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, अशी त्यांची मांडणी होती. विश्रांती हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. बाईच्या विश्रांतीबद्दल कायदेमंडळात बोलावं, असं तेव्हा किती जणांना वाटलं असेल? १९२९ साली मुंबई इलाख्याचा कायदा झाला. देशातला तो या विषयावरचा पहिला कायदा.

पुढे १९४८ च्या कारखाने कायद्यानं मोठ्या कारखान्यांत पाळणाघर बंधनकारक केलं. १९६१ साली सगळ्या देशासाठी मातृत्व लाभाचा कायदा झाला. २०१७ साली बाराऐवजी सव्वीस आठवडे रजा झाली आणि पन्नास किंवा त्याहून अधिक माणसं कामाला असतील तिथं पाळणाघराची अट आली. २००५ च्या रोजगार हमी कायद्यातही तरतूद होती, की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं आली, तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमावं आणि तिला मजुरी द्यावी. म्हणजे १८९६-९७ चं शिशुसंगोपनगृहच एकशे आठ वर्षांनी दिल्लीच्या कायद्यात आलं.

गावातही चांगलं घडलं. १९७५ साली २ ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि हळूहळू आपल्या दारी अंगणवाडी आली. २००५ नंतर आशाताई आल्या. आमच्या डोंगरातल्या वाड्या-धनगरवाड्यांवर पावसात छत्री सांभाळत चालत जाणारी आशाताई मी पाहिली आहे. तिकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी दाखवून दिलं, की गावातलीच शिकवलेली बाई घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेऊ शकते, आणि बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणू शकते. १९९९ साली त्यांचं हे काम जगभर गेलं. त्याआधी १९७० पासून जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी कमी शिकलेल्या बायकांना हाताशी धरून तेच केलं होतं. पुढे आलेले हात बहुतेक वेळा बायकांचेच होते, हे आपण पुरुषांनी लक्षात ठेवावं.

तरी फट राहिलीच. अंगणवाडीत मूल जाऊन बसतं ते तिसऱ्या वर्षापासून. त्याआधीची तीन वर्षं ते आईच्या कडेवर. कायदा रजा देतो ती नोकरदार बाईला. शेतात राबणाऱ्या, घरात राबणाऱ्या बाईला रजा कोण मंजूर करणार?

हिवाळ्यात ऊसतोडीचे दिवस आले, की भोगावतीच्या काठानं जरा फिरून या. मराठवाड्यातून आलेल्या टोळ्या फडात असतात. पहाटेच्या थंडीत बाई कोयता चालवते. बांधावर झोळी असते आणि झोळीला झोका द्यायला सात-आठ वर्षांची थोरली बहीण. तिची शाळा गावाकडे राहिलेली. लेकरू घेणारे हात इथं आहेत, पण ते हातही लेकराचेच आहेत. झोळी बघितली की मला दादी आठवते.

दोन तास

आता पुन्हा त्या पावसातल्या रात्रीकडे येतो.

मी लेकीजवळ बसलो. बाळ तिच्या मांडीवरून घेतलं. मला नीट घेताही येत नव्हतं, तीन मुलांचा बाप असून. ती म्हणाली, बाळ झोपलं तरी तिला झोप येत नाही. छातीत धडधडतं. आपल्याला आई होणं जमत नाही, असं सारखं वाटतं. आणि हे कुणाला सांगितलं, तर म्हणतात, एवढं गोजिरं बाळ आहे, रडतेस काय?

सकाळी आम्ही डॉक्टरकडे गेलो. पहिल्यांदा जिथं गेलो, तिथं बाळाचं वजन झालं, लस झाली, आणि "आईला काही नाही, थकवा आहे" म्हणून वाटेला लावलं. दुसऱ्या ठिकाणी एका बाईंनी दार लावून घेतलं, मला बाहेर बसवलं आणि तिचं पाऊण तास ऐकलं. बाळंतपणानंतरचं नैराश्य, असं त्यांनी नाव सांगितलं. पहिल्या आठवड्यात रडू येणं, मन हळवं होणं हे बहुतेकींना होतं आणि ते आपोआप जातं. पण दोन आठवड्यांच्या वर उदासी राहिली, बाळ झोपलं तरी झोप येईना, जेवण जाईना, जीव नकोसा वाटू लागला, तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहे. भारतात झालेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला. त्यात हे प्रमाण साधारण २२ टक्के निघालं. म्हणजे पाच आयांत एक. आपल्या गल्लीत किती बाळंतिणी आहेत, मोजून बघा. दवाखाना लांब असेल, तर १४४१६ हा सरकारी मानसिक आरोग्याचा फोन २०२२ पासून चालू आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं.

त्या बाईंनी उपचार सुरू केले आणि घरच्यांना एक काम लावलं. रोज दुपारी दोन तास बाळ दुसऱ्या कुणीतरी घ्यायचं. त्या वेळात हिनं झोपावं, न्हावं, खिडकीत बसावं, काहीही करावं. काम मात्र करायचं नाही. ही पाळी मी मागून घेतली. आमच्या आळीत हसणारे हसले. कवीला दाई केलं, म्हणाले. मी नातवाला खांद्यावर टाकून सोप्यात फेऱ्या मारायचो आणि पागोळ्या मोजायचो. एक दिवस दोन तासांनी लेक बाहेर आली, केस ओले, म्हणाली, "अब्बा, मला भूक लागली." कितीतरी दिवसांत तिनं स्वतःहून जेवण मागितलं नव्हतं. आत माझी बायको भाकरी करत होती. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, पण बोलली काही नाही. तिला काय म्हणायचं होतं, ते मला कळलं. तीस वर्षं उशीर झाला होता.

दादीला मी हे सांगू शकलो नाही, ती कधीच गेली. पण तिची गोष्ट आता नजरेची म्हणून आमच्या घरात कुणी सांगत नाही. जशी झाली तशी सांगतो.

तुमच्या घरात, शेजारात कुणी बाळंतीण असेल, तर बाळाला बघायला जरूर जा. टोपडं न्या, झबलं न्या. पण पाळण्यात वाकण्याआधी तिच्याकडे बघा. "तू कशी आहेस? जेवलीस का? झोपलीस का?" एवढं विचारा. आणि उत्तर ऐकून झालं, की हात धुवा आणि लेकरू घडीभर तुमच्याकडे घ्या.